डावीकडची टाकी

थोरली : …आणि हा सगळा पसारा कटिंगच्या टेबलावर. पडद्यांचं कापड कुठे गेलं मग?

धाकटी : पलंगावर. घडी करून, वर चादर टाकून. एक थेंब लागायचा नाही त्याला. तू बस ना ताई. त्या स्टुलावर नको, त्यावर परात आहे.

थोरली : दिसतेय मला परात.

धाकटी : हो, तुला दिसणारच. मला आपली सांगायची सवय लागलीय. दिवसभर स्वतःलाच सांगत असते, इथे परात, इथे बादली.

थोरली : ठके, मी काय विचारतेय? ही एवढी झाडं आली कुठून?

धाकटी : माशांच्या दुकानातून. टाकीत लावायला.

थोरली : आणून कोणी दिली?

धाकटी : आणून कोण देणार? मी गेले, मी आणली.

थोरली : एकटी?

धाकटी : छे, बस भरलेली होती.

थोरली : चेष्टा सुचतेय तुला. तो चौक ओलांडलास तू? अशा डोळ्यांनी?

धाकटी : एका बाईच्या मागे मागे गेले. तिच्या पायात निळी चप्पल होती. सरळ बघितलं की चप्पल गायब, जरा तिरकं बघितलं की हजर. ती थांबली की मी थांबायची, ती निघाली की मी. तिला वाटलं असेल, ही बया माझ्या पायांकडे अशी चोरून का बघतेय.

थोरली : परवा त्या काचेच्या टेबलाला धडकून पायाला टाके घालून आलीस. डॉक्टर काय म्हणाले होते?

धाकटी : पाय भिजवू नका म्हणाले. मी हात भिजवतेय.

थोरली : तुझ्याशी बोलणं म्हणजे भिंतीला चेंडू मारणं. जेवढा जोरात मारावा तेवढा आपल्याच अंगावर येतो. बरं, मला सांग, आज काय आहे?

धाकटी : झाडं लावायची आहेत.

थोरली : आज तुला घेऊन जायचं ठरलंय. सोन्या टेंपो घेऊन निघालाय. मशीन, कपाट, तुझ्या दोन बॅगा. आणि तू बॅग भरायची सोडून परातीत हात घालून बसलीस.

धाकटी : बॅग माळ्यावर आहे.

थोरली : ठरलं होतं आपलं.

धाकटी : तुमचं ठरलं होतं. तुझं आणि तुझ्या लेकाचं. मी फक्त खोलीत होते.

थोरली : तू नाही म्हणाली नाहीस.

धाकटी : ताई, डोळ्यात इंजेक्शन टोचून आणलं होतं मला. पट्टी होती, डोकं ठणकत होतं. मी गप्प पडून होते आणि तुम्ही माझ्या अंगावरून बोलत होतात, मशीन आधी की कपाट आधी. आपल्या घरात गप्प बसणं म्हणजे हो, असंच चालत आलंय. बाबांपासून. आता नाही चालायचं.

थोरली : मी खोलीला रंग दिलाय.

धाकटी : कुठला?

थोरली : पिवळा. फिका. तुला आवडतो तो.

धाकटी : मला पिवळा आता मळकट दिसतो. पण दिलास, बरं केलंस. भिंतींना हवाच असतो रंग.

थोरली : एवढंच?

धाकटी : कात्री कुठे ठेवली मी? थांब, सांगू नकोस. हं, ही बघ. हे जाळीचं भांडं बघ कसं आहे. मुळं जाळीतून बाहेर आलीत. ओढलं तर तुटतील, म्हणून झाड नाही ओढायचं, भांडंच कापायचं. एक काप, दुसरा काप, आणि सोलून काढायचं. शिवण उसवावी तसं.

थोरली : बोट कापशील. आण इकडे.

धाकटी : हात काढ.

थोरली : अगं, मी पटकन…

धाकटी : ताई, हात काढ. कात्री माझी आहे. शाळेत तू पीटीच्या बाई होतीस, गळ्यात शिट्टी घालून फिरायचीस. मी कधी म्हटलं, दे, मी फुंकते?

थोरली : तेव्हा तुला दिसत होतं.

धाकटी : दिसत होतं तेव्हाही मी कापडाकडे बघायची, बोटांकडे नाही. बोटं आपली आपण बाजूला होतात. बघ, निघालं की नाही?

थोरली : निघालं. आणि हा आतला पिवळट कापूस कसला?

धाकटी : कापूस नाही तो. दगड वितळवून त्याची लोकर काढतात. नर्सरीत झाडं तिच्यातच वाढवतात. टाकीत गेली तर तुकडे तरंगत राहतात, मासे तोंडात घेतात. म्हणून सगळी काढायची. कोमट पाण्यात भिजू द्यायची आणि मग चिमट्याने, सावकाश. नुसत्या हाताने केलं तर खाज सुटते, म्हणून हे पातळ मोजे. दवाखान्यातून मागून आणले.

थोरली : दवाखान्यातून मागून?

धाकटी : मागितले, दिले त्यांनी. माझ्या ओळखीचे आहेत ते आता. त्यांचे पडदे शिवतेय मी.

थोरली : कोणाचे?

धाकटी : डोळ्यांच्या दवाखान्याचे. पलंगावर ते पांघरून ठेवलेलं कापड काय आहे मग? तिथे पडून होते ना, हाताला पडदा लागला. खालची शिवण उसवलेली, दोरा लोंबत होता. मी डॉक्टरांना म्हटलं, तुम्ही माझा डोळा बघा, मी तुमचा पडदा बघते. हसले. पण दुसऱ्या दिवशी माणूस पाठवला मापं घेऊन.

थोरली : तू मला हे सांगितलं नाहीस.

धाकटी : तू खोलीला रंग देत होतीस.

थोरली : आणि शिवणार कसे? सुई दिसत नाही तुला.

धाकटी : सुईला दोरा शेजारच्या काकू ओवून ठेवतात, सकाळीच, भरपूर. मशीनला लोखंडी पट्टी बसवून घेतली. कापड तिला टेकवून सरकवत जायचं. सरळ शिवण सरळच येते. ब्लाऊज-बिऊज बंद, कोट बंद. पडदा सरळच असतो गं. माझ्यासाठीच केलाय देवाने.

थोरली : डाव्या बाजूला एक गोळी राहिलीय तुझी.

धाकटी : कसली?

थोरली : पांढरी, मोहरीएवढी. मुळात अडकलीय.

धाकटी : ती खताची. ती राहिली तर टाकीभर शेवाळ माजेल. कुठेय?

थोरली : अंगठ्याखाली. अजून खाली. नाही, उलट बाजूला. हं.

धाकटी : मिळाली. हे असं चालतं बघ मला. तू तोंडाने सांगायचं, मी हाताने काढायचं. तू हात घातलास की मला काही उरत नाही.

थोरली : किती दात-ओठ खाऊन बोलतेस. मी काय वैरी आहे तुझी?

धाकटी : वैरी असतीस तर सोपं होतं. आता हे बाजूला, ओल्या फडक्याखाली ठेव. ठेवशील ना? पानं सुकता कामा नयेत. आणि पुढचं दे. ते नको, जाड पानांचं दे.

थोरली : नाव काय याचं? चिठ्ठी आहे वाटतं याला. अनु… अनुबियास.

धाकटी : मी त्याला रेक्झिन म्हणते. हात लावून बघ. सोफ्याचं कव्हर जसं. आणि ते लांब पट्ट्यांचं, ती रिबीन. आणि हे बारीक, मऊ, ही झालर. दुकानदाराला मी असंच सांगितलं. म्हटलं, रेक्झिन दे, रिबीन दे, दोन झालरी दे. बिचारा आधी म्हणाला, बाई, पडद्यांचं दुकान पलीकडे आहे.

थोरली : हसवू नकोस मला. मी चिडलेय.

धाकटी : चीड ना. चिडून पण सांगता येतं. याच्या पानांच्या मागे बघ काही चिकटलंय का.

थोरली : आहे. एका पानाला. जेलीसारखा ठिपका, आत बारीक बारीक दाणे.

धाकटी : गोगलगायीची अंडी. हे मला लागलं नव्हतं बोटाला. बरं झालं बघितलंस. ते पानच कापते. आणि मग सगळी झाडं त्या पातेल्यात, तुरटीच्या पाण्यात बुडवून ठेवायची थोडा वेळ, आणि नळाखाली खळखळून धुवायची.

थोरली : ही पानंही काढ. पिवळी पडलीत.

धाकटी : पिवळी काढायची. हिरवी पण बरीचशी गळतील पुढे, घाबरायचं नाही. ही हवेत वाढलेली पानं आहेत. नर्सरीत पाण्याबाहेर वाढवतात. टाकीत गेली की ही जातात आणि नवी येतात ती पाण्यातली.

थोरली : बघ. म्हणजे जागा बदलली की झाड आधी मलूल होतं आणि मग धरतं. तुझंही तसंच होईल. पहिला महिना जड जाईल माझ्याकडे, मग…

धाकटी : झाडाला विचारून आणत नाहीत, ताई. मला विचारायला हवं.

थोरली : तुझ्या जिभेला कात्रीची धार आहे.

धाकटी : कात्रीचीच सोबत आयुष्यभर.

थोरली : ठके, ऐक. मी रागाने नाही बोलत. तुझे डोळे आज आहेत त्याहून बरे होणार नाहीत. डॉक्टरांनी तुझ्यासमोर सांगितलं.

धाकटी : मधलं गेलं म्हणाले. कड राहील म्हणाले, बहुतेक. सरळ बघितलं की तुझं तोंड नाही, नुसता डाग आहे. पण खिडकीकडे बघितलं की कडेला तू आहेस. हातवारे करतेस तेही दिसतं. मला कड ठेवलीय त्यांनी. तिचं काय करायचं ते मी बघीन.

थोरली : मग ही टाकी?

धाकटी : टाकी त्यासाठीच. आधी समोरच्या भिंतीला होती, तिथे आता मला काही दिसत नाही. मशीनवर बसले की माझ्या डाव्या हाताला जेवढं येतं तेवढं दिसतं. म्हणून तिकडे घेतली. तिथे मला पांढरी भिंत नकोय. काहीतरी हिरवं हवंय, हलणारं.

थोरली : हलवली कोणी एवढी जड?

धाकटी : मीच. रिकामी होती ना. तू रिकामी केलीस त्याचा तेवढा एक उपयोग झाला.

थोरली : ते बोलणारच होतीस तू. मला ठाऊक होतं.

धाकटी : मी दवाखान्यातून आले तर टाकी कोरडी. मासे दुकानात, झाडं कचऱ्यात, वाळू बादलीत. मी दारातून आत आले आणि मोटरचा आवाज नाही. मला वाटलं, आता कानपण गेले.

थोरली : मेले असते सगळे मासे. कोण बघणार होतं? तूच सांग, कोण बघणार होतं?

धाकटी : मला विचारायचं होतंस. औषध डोळ्यात घातलं होतं, कानात नाही.

थोरली : चुकलं. झालं? पण त्याचा आणि याचा काय संबंध? मी तुला घेऊन जायला आलेय ते माशांसाठी नाही. आई अशीच पडली होती, आठवतंय का? अशीच, मला कोणाची गरज नाही म्हणणारी. घसरली, खुबा मोडला. मला तुझं तसं होऊ द्यायचं नाही.

धाकटी : आणि मग तू तिला तुझ्याकडे नेलंस.

थोरली : नेलं. मागच्या खोलीत ठेवली, राणीसारखी. मी तिचं काही कमी केलं का? खरं सांग.

धाकटी : काहीच कमी केलं नाहीस.

थोरली : मग?

धाकटी : तेच तर. ती कपाला हात घालायच्या आधी तू कप उचलायचीस. फणी शोधायच्या आधी तू वेणी घालून मोकळी. मी रविवारी यायची ना, दर खेपेला तिला एक गोष्ट कमी येत असायची. आधी बटणं गेली. मग वेणी. मग चमचा. शेवटी शेवटी तिला तहान लागलीय हेसुद्धा तूच सांगायचीस, आणि ती माझ्याकडे बघत बसायची.

थोरली : फार बोललीस.

धाकटी : हो.

थोरली : वर्षानुवर्षं मी तिच्या उशाशी बसले. तू रविवारी फळं घेऊन यायचीस.

धाकटी : खरं आहे. तू होतीस, मी नव्हते. म्हणून तिच्याबद्दल मी तेव्हा तोंड उघडलं नाही. आत्ताही तिच्याबद्दल नाही बोलत. माझ्याबद्दल बोलतेय. मला राणीसारखं नाही राहायचं.

थोरली : मग कसं राहायचंय? धडपडत? टाके घालून घेत?

धाकटी : हो. धडपडत. टाके मला नवीन नाहीत, जन्मभर तेच घातले. ते पातेलं जरा इकडे सरकव.

(जिन्यात जड पावलं वाजतात. थोरलीचा मुलगा दारात येऊन उभा राहतो. तिशी ओलांडलेला, खांद्यावर दोरखंडाचं वेटोळं.)

भाचा : आई, काय काय न्यायचंय ते पटकन दाखव. टेंपो आडवा लावलाय, मागचे हॉर्न मारून मारून जीव खातायत. काय गं मावशी, बरीयेस?

धाकटी : बरी आहे. तू जाड झालास का रे? पावलं जड वाजतायत.

भाचा : झालोय. तुला दिसत नाही म्हणून सुटलो म्हटलं, तर तू ऐकलंस.

थोरली : तुमच्या गप्पा राहू देत. सोन्या, आधी मशीन घे. ते खालून उचल, पायाला धरून.

धाकटी : मशीनला हात लावायचा नाही.

थोरली : तिचं ऐकू नकोस.

भाचा : मग कोणाचं ऐकू? मशीन तिचं आहे.

थोरली : तिला कळत नाहीये सध्या.

धाकटी : मी इथेच बसलेय ताई. तू माझ्याबद्दल भिंतीशी बोलतेयस.

भाचा : थांबा दोघी. मावशी, मला एकच सांग. तू येतेयस की नाही?

धाकटी : नाही.

भाचा : झालं. आई, ती नाही म्हणतेय.

थोरली : ऐकू आलं मला. तू समजाव ना तिला. काल एवढं बोलत होतास.

भाचा : काल मी म्हटलं, मावशीला विचारलंस का. तू म्हणालीस, विचारलंय.

धाकटी : विचारलंय म्हणाली?

भाचा : हो.

धाकटी : ताई?

थोरली : विचारल्यासारखंच होतं ते. तू गप्प होतीस.

भाचा : आई, अगं मी मित्राकडून टेंपो मागून आणलाय. त्याची सकाळची खेप बुडवून.

थोरली : मग मी काय करू? टेंपो आणलाय म्हणून तरी चल म्हणावं तिने.

धाकटी : टेंपो रिकामा नको पाठवायला. सोन्या, ते काचेचं टेबल ने.

भाचा : ते मधलं?

धाकटी : तेच. ज्याच्यावर मी आपटले. काच आहे, कडा दिसत नाहीत मला. सरळ बघू की तिरकं बघू, ते आहे की नाही ते नडगीलाच कळतं. इतके दिवस त्याला वळसा घालून चालतेय मी. माझं घर, आणि वळसा मीच घालतेय.

थोरली : ते टेबल मी दिलेलं आहे. या घरात आलीस तेव्हा.

धाकटी : म्हणून तर ठेवलं इतकी वर्षं. मला तेव्हाही नको होतं.

थोरली : तेव्हा का नाही बोललीस?

धाकटी : गप्प बसले होते. आपल्या घरचं वळण.

भाचा : मी उचलतो. एकट्याने नाही व्हायचं पण, काच लांब आहे.

थोरली : म्हणजे तू तिचीच बाजू घेणार.

भाचा : मी टेबलाची बाजू धरलीय आई. दुसरी बाजू तू धर. हॉर्न ऐक खाली.

थोरली : माझं वय काय, गुडघे काय…

धाकटी : पोरांना दोरीवरून उड्या मारायला लावायचीस ना? धर आता. आणि सोन्या, वळणावर जपून, काच आहे.

भाचा : आई, उचल. एक, दोन. मागे बघ, मागे. तुझ्या मागे पायरी आहे.

थोरली : दिसते मला पायरी. मला सांगू नकोस.

धाकटी : ऐकलंस का सोन्या? कोणालाच आवडत नाही सांगितलेलं.

भाचा : मावशी, मी येतो परत शनिवारी. तुला नवीन मासे कुठले हवेत ते सांगून ठेव.

धाकटी : दुकानात मीच जाणार आहे. तुला यायचं तर बरोबर ये. पिशवी धरायला.

भाचा : येतो. आई, चल, हल.

…

थोरली : दोन मजले. धाप लागली मला. टेंपोत टाकलं, गोधडीत बांधून, आणि गेला तो.

धाकटी : मला वाटलं तूही गेलीस त्याच्याबरोबर.

थोरली : पर्स राहिली होती इथे.

धाकटी : खांद्याला काय वाजतंय मग?

थोरली : पाणी दे मला आधी. नाही, थांब. घेते मी. माठ कुठे हलवलास?

धाकटी : होता तिथेच आहे. मी काही हलवत नाही. हलवलेलं मला सापडत नाही. टाकी सोडून.

थोरली : खोली मोठी दिसतेय आता.

धाकटी : मगाशी उठून खिडकीपर्यंत जाऊन आले. सरळ. मध्ये काही आलं नाही.

थोरली : …मी खरंच विचारलं नव्हतं गं तुला. मला भीती वाटली, तू नाही म्हणशील.

धाकटी : म्हणालेच असते.

थोरली : तेच. आता काय करतेयस?

धाकटी : लावतेय. वाळू सकाळीच धुऊन घातलीय, अर्धी टाकी पाणीही तेव्हाच भरलंय. रिबिनीची मुळं कापली, दोन बोटं ठेवली. एका भांड्यात पुष्कळ झाडं कोंबलेली असतात, ती सुटी करायची. मग चिमट्यात धरून तिरकी खुपसायची वाळूत आणि चिमटा हळूच सोडायचा. सरळ खुपसलं तर उपटून वर येतं.

थोरली : आणि ते जाड, रेक्झिन? ते आण, मी खोल पुरते.

धाकटी : ते पुरायचं नाही. त्याचं ते आडवं खोड वाळूखाली गेलं की कुजतं. ते दगडाला बांधायचं, दोऱ्याने. दगड दे तो. चपटा. मी बांधते, तू नुसतं बघ दोरा पानावरून जात नाही ना.

थोरली : एका पानावरून गेलाय. उजव्या. हं, आता नाही.

धाकटी : बघ, गाठ. सुटली तर सांग.

थोरली : तुझी गाठ कशाला सुटतेय. …ठके, मी रात्री टीव्ही लावून झोपते.

धाकटी : का गं?

थोरली : सोन्या वेगळा राहायला लागला तसं घर अगदीच मुकं झालंय. हे असताना खोकायचे तरी. मागच्या खोलीला रंग देत होते ना, तेव्हा बरं वाटत होतं. कोणीतरी येणार आहे म्हणून रंग देतोय असं. चुना, ब्रश, वर्तमानपत्रं. संध्याकाळी हात दुखायचे, झोप लागायची.

धाकटी : मग असं बोल ना. तुला सांभाळायचंय, तुझं कसं होईल, हे कशाला? करमत नाही म्हण.

थोरली : या वयात कसं म्हणायचं ते?

धाकटी : आत्ता म्हणालीस तसंच.

थोरली : करमत नाही म्हटलं तर येशील?

धाकटी : नाही.

थोरली : बघ.

धाकटी : येणार नाही, पण ऐकीन. आणि तू ये. ही झालर फार वाढते, तिला छाटायला लागतं, वरचा तुकडा कापून पुन्हा खोचायला. पानामागची अंडी मला दिसत नाहीत. डोळे लागणारच आहेत मला कोणाचे तरी.

थोरली : म्हणजे डोळ्यांसाठी बोलावतेयस. बहीण म्हणून नाही.

धाकटी : बहीण म्हणून पण. पण आधी डोळ्यांसाठी. नुसती बहीण म्हणून आलीस की तू भांडी घासायला घेतेस.

थोरली : मी तुला पुन्हा विचारीन हं. माझ्याकडे येण्याबद्दल. सोडणार नाही मी.

धाकटी : विचार. दर महिन्याला विचार. मी दर महिन्याला नाही म्हणीन. एखाद्या वर्षी हो म्हणावंसं वाटलं तर माझ्या तोंडाने म्हणीन, तोवर तू समजून घ्यायचं नाही. आता ती बशी घे आणि वाळूवर ठेव. पाणी बशीवर ओतायचं, हळू. नाहीतर एवढं लावलेलं सगळं वर तरंगेल.

थोरली : मी ओतू? हात लावलेला चालेल?

धाकटी : चालेल. बादली जड आहे, आणि मी सांगतेय म्हणून. हळू. अजून हळू. अगदी शाळेतल्या मुलांना ग्लुकोजचं पाणी वाढायचीस तसं.

थोरली : भरत आली. गढूळ झालंय थोडं.

धाकटी : बसेल ते. आता मोटरचं बटण दाब, आणि दिवा लाव वरचा. आणि बाजूला हो.

थोरली : कुठे चाललीस?

धाकटी : मशीनवर बसतेय. हो बाजूला. तू मध्ये आहेस.

थोरली : झाले. ठके, सरळ काय बघतेयस सुईकडे? टाकी इकडे आहे.

धाकटी : सुईकडेच बघायचं असतं मशीनवर. हं. आहे. डावीकडे काहीतरी हिरवं आहे. लांब पट्ट्या हलतायत. रिबीन ना ती?

थोरली : रिबीन. सगळी एका बाजूला वळतेय, पुन्हा परत येतेय. आणि ते रेक्झिन दगडावर…

धाकटी : सांगू नकोस. बघू दे मला.

थोरली : बरं.

…

थोरली : निघते मी. अंधाराच्या आत घरी पोचलेलं बरं. परात धुऊन ठेवलीय. रागावू नकोस, एक परातच धुतलीय.

धाकटी : नाही रागावत. ताई, जाताना किल्ली ठेव.

थोरली : कसली किल्ली?

धाकटी : माझ्या दाराची. तुझ्याकडे असते ती.

थोरली : ती अडीअडचणीला आहे ठके.

धाकटी : आज कुठली अडचण होती? मी चिमट्यात मूळ धरून बसले होते आणि मागून एकदम आवाज, हे काय चाललंय. दचकून मूळ तुटलं हातात. मला चेहरा बघून माणूस ओळखू येत नाही आता. बोलेपर्यंत, आत आलेलं माणूस माझ्यासाठी कोणीही असतं.

थोरली : …हे सुचलंच नाही मला.

धाकटी : तुला दिसतं, कसं सुचेल? एक किल्ली शेजारच्या काकूंकडे ठेवीन. मी ठेवीन. अडचणीला ती आहे. फोन गळ्यात असतो माझ्या.

थोरली : ही घे. हातात देऊ की टेबलावर ठेवू?

धाकटी : हातात दे.

थोरली : आणि मी गुरुवारी आले तर?

धाकटी : बेल वाजव.

थोरली : आणि दार उघडलं नाही लवकर, तर?

धाकटी : तर थांब. मला दारापर्यंत यायला वेळ लागतो.